एक गाणं ऐकलं, कलाकाराला किती मिळाले? स्ट्रीमिंग आणि मानधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ध्वनिमुद्रणाचं काम करते. गेली काही वर्षं ओळखीच्या गायक-वादकांची रॉयल्टीची पत्रकंही वाचून देते. पत्रक आलं की फोन येतो, "हे बरोबर आहे का गं?" आकडे कळतात, पण ते कुठून आले हे कळत नाही, ही बहुतेकांची अडचण. फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच पैसा अडतो.

एका स्ट्रीममागे कलाकाराला नेमके किती पैसे मिळतात?

ठरलेला दर नाही. सगळे हाच प्रश्न आधी विचारतात आणि सगळ्यांना हेच उत्तर पटत नाही, म्हणून नीट सांगते.

स्ट्रीमिंग सेवा दर गाण्यामागे पैसे मोजत नाही. महिनाभरात वर्गणी आणि जाहिरातींतून जे जमतं त्यातला एक मोठा हिस्सा बाजूला काढला जातो आणि ती गंगाजळी त्या महिन्यात ऐकल्या गेलेल्या सगळ्या गाण्यांत वाटली जाते. लोकांनी जास्त ऐकलं आणि जमा तेवढीच राहिली, तर प्रत्येक स्ट्रीमची किंमत उतरते. जिथे वर्गणी स्वस्त तिथे ती मुळातच कमी असते. फुकट, जाहिरातींसह ऐकणाऱ्यांच्या खात्यावरून येणारा स्ट्रीम तर फारच हलका पडतो.

माझ्या एका व्हायोलिनवादक मित्राच्या पत्रकात एकाच रचनेच्या, एकाच महिन्याच्या त्र्याहत्तर ओळी होत्या. प्रत्येक ओळीत देश, सेवा, खात्याचा प्रकार, किती वेळा वाजलं आणि रक्कम. एका ओळीत ११ स्ट्रीम आणि ०.०२९ डॉलर. त्याखालच्याच ओळीत ४० स्ट्रीम आणि ०.०१६ डॉलर. तो म्हणाला, "जास्त ऐकलं तर कमी कसे?" दुसरी ओळ फुकट खात्यांची होती, एवढंच त्यामागचं कारण.

म्हणून "अमुक सेवा स्ट्रीममागे इतके देते" असे तक्ते फिरतात ते सरासरीचे असतात. ॲपल म्युझिकने एप्रिल २०२१ मध्ये कलाकारांना पत्र लिहून आपण स्ट्रीममागे सरासरी एक सेंट देतो असं सांगितलं होतं. तो एक सेंट सगळ्या हक्कदारांना मिळून होता, एकट्या कलाकाराच्या खिशात जाणारा नव्हता. बातम्यांमध्ये हा फरक हमखास गळतो.

मी दरमहा वर्गणी भरते. ती मी ऐकते त्याच कलाकारांना जाते ना?

बहुतेक सेवांवर, नाही.

समजा एका सेवेचे दोनच ग्राहक आहेत. दोघंही दहा-दहा डॉलर भरतात. सेवेने आपले तीन-तीन काढून घेतले, उरले चौदा. पहिला दिवसभर गाणी लावून ठेवतो आणि महिन्यात एका लोकप्रिय गायकाची गाणी ९०० वेळा वाजवतो. दुसरी रात्री थोडा वेळ ऐकते, पण मन लावून, आणि एका सतारवादकाच्या रचना १०० वेळा वाजवते. एकूण स्ट्रीम हजार. प्रचलित पद्धतीने लोकप्रिय गायकाच्या वाट्याला १२.६० डॉलर येतात आणि सतारवादकाच्या वाट्याला १.४०. म्हणजे दुसरीच्या सात डॉलरांपैकी ५.६० डॉलर अशा गायकाकडे गेले ज्याचं एकही गाणं तिने ऐकलेलं नाही.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक ग्राहकाची वर्गणी त्याने ऐकलेल्यांमध्येच वाटली जाते. इथे दोघांनाही सात-सात मिळाले असते. साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेने एप्रिल २०२१ पासून स्वतंत्र कलाकारांसाठी ही पद्धत लागू केली.

मला ही दुसरी पद्धत न्याय्य वाटते, पण तिच्याकडून फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की सर्वांत वरच्या कलाकारांचा वाटा घटतो, शास्त्रीय संगीतासारख्या प्रकारांना फायदा होतो, पण तळाच्या बहुसंख्य कलाकारांना वर्षाकाठी फार तर काही युरो जास्त मिळतात. तरीही मी तिच्या बाजूची आहे. ऐकणाऱ्याचा पैसा ऐकवणाऱ्याकडे जावा, हे रकमेइतकंच विश्वासाचंही आहे.

सेवा स्वतःकडे किती ठेवते?

साधारण तीस टक्के. उरलेल्या सत्तरांपैकी पन्नास ते पंचावन्न टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे, म्हणजे बहुतेकदा लेबलकडे (गाणी काढणाऱ्या संगीत कंपनीकडे) जातात, आणि पंधराच्या आसपास शब्द-चालीच्या मालकांकडे. अमेरिकेत शब्द-चालीचा हा वाटा एक न्यायिक मंडळ ठरवतं. २०२३ ते २०२७ या काळासाठी तो १५.१ टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने १५.३५ टक्क्यांपर्यंत नेला आहे.

सत्तर टक्के वाटले जातात, मग कलाकाराच्या हातावर चिल्लर का टेकवली जाते?

कारण ते सत्तर टक्के कलाकाराला दिलेले नसतात, हक्कदाराला दिलेले असतात. कलाकार आणि हक्कदार एकच असतील तर ठीक. नसतील तर पुढचं सगळं करारनाम्यावर.

लेबलच्या जुन्या करारांत गायकाचा वाटा तबकड्या आणि सीडीच्या जमान्यातल्या हिशेबाने ठरलेला असायचा. कारखाना, गोदाम, वाहतूक, दुकानदार, फुटलेला माल हे सगळं वजा करून. आता ना गोदाम उरलं ना फुटण्यासारखं काही, पण कित्येकांचे टक्के तेच राहिले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उचल. करार होताना लेबल कलाकाराला आगाऊ रक्कम देतं आणि ती कलाकाराच्या वाट्यातून फेडून घेतली जाते. ऐकायला सरळ आहे. आता आकडे घालून बघा. उचल ५०,००० डॉलर, कलाकाराचा वाटा २० टक्के. गाणी चालली आणि लेबलकडे १,००,००० डॉलर आले. कलाकाराचे २०,००० झाले, ते उचलीत वळते केले. पत्रकावर कलाकाराच्या नावे अजून ३०,००० देणं दिसतं. लेबलकडे मात्र लाख आले आहेत, म्हणजे दिलेली उचल केव्हाच वसूल होऊन वर तेवढीच रक्कम उरली आहे. याच गतीने गेलं तर कलाकाराला पहिला डॉलर दिसायला एकूण अडीच लाख यावे लागतील. स्टुडिओचं भाडं, चित्रफितीचा आणि जाहिरातीचा खर्चही अनेक करारांत या उचलीतच मिळवलेला असतो.

लेबलची बाजूही ऐकून घ्यावी: दहा कलाकारांवर पैसे लावले तर दोघा-तिघांचेच परत येतात, बाकीच्यांचा तोटा ते सोसतात, आणि उचल न फिटल्यास ती कलाकाराच्या घरून वसूल करत नाहीत. हे खरं आहे. पण वीस-तीस वर्षांपूर्वीची उचल अजून फिटायची आहे म्हणून आज लाखो वेळा ऐकल्या जाणाऱ्या गायिकेला शून्य मिळावं, याचं समर्थन मला करता येत नाही. हे लेबलांनाही शेवटी कळलं असावं. सोनीने जून २०२१ मध्ये, इसवी सन २००० पूर्वी करार केलेल्या आणि त्यानंतर नवी उचल न घेतलेल्या कलाकारांच्या न फिटलेल्या रकमा बाजूला ठेवून त्यांना रॉयल्टी सुरू केली. २०२२ मध्ये वॉर्नर आणि युनिव्हर्सलनेही तशीच पावलं उचलली. ओरड केल्याने काही होत नाही म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

गायक, गीतकार, संगीतकार, साथीचे वादक – सगळ्यांना मिळतं का?

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द आणि चालीचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. तेच गाणं उद्या दुसऱ्या कुणी गायलं तर दुसरा हक्क बदलतो, पहिला तसाच राहतो. गीतकार-संगीतकारांचा पैसा पहिल्या वाटेने येतो, त्यांच्या प्रकाशकामार्फत आणि हक्कसंस्थेमार्फत, म्हणजे हे पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थेमार्फत. गायकाचा दुसऱ्या वाटेने.

साथीच्या वादकाचं काय? बहुतेक ठिकाणी काही नाही. त्या दिवशीच्या कामाचं पाकीट मिळालं की संबंध संपला. ज्या सुरावटीमुळे गाणं ओळखलं जातं ती वाजवणारा माणूस स्ट्रीमिंगच्या पत्रकात कुठेच नसतो. स्टुडिओत काचेच्या या बाजूला बसून मी असे कितीतरी हात पाहिले आहेत, म्हणून हे मला फार लागतं.

आणि हे अटळ आहे असंही नाही. अमेरिकेत इंटरनेट रेडिओसारख्या, ऐकणारा स्वतः गाणं निवडत नाही अशा सेवांचे पैसे साउंडएक्सचेंज ही संस्था वाटते. त्यातले ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीच्या गायक-वादकांसाठी. कलाकाराचा ४५ टक्के वाटा थेट त्याच्याकडे जातो, लेबलच्या उचलीत वळता होत नाही. हीच व्यवस्था हवं ते गाणं लावता येणाऱ्या सेवांना लागू नाही. स्पेनमध्ये मात्र तिथेही कलाकारांना सोडून देता न येणारा मोबदल्याचा हक्क कायद्याने आहे आणि तो कलाकारांची संस्था सेवांकडून गोळा करते.

गीतकारांची वेगळी तक्रार काय आहे?

वाटा मुळात लहान, तो अनेकांत वाटला जाणारा, आणि त्यांना कार्यक्रमांचं उत्पन्न नाही. त्यात मार्च २०२४ मध्ये स्पॉटिफायने अमेरिकेत आपल्या सशुल्क योजनेत ऑडिओबुक जोडलेली असल्याने तिची गणना 'एकत्रित योजना' अशी केली, आणि नियमांनुसार शब्द-चालीची देणी कमी झाली. ही रॉयल्टी गोळा करणारी अमेरिकी संस्था एमएलसी कोर्टात गेली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला, पण वाद तिथेच मिटला नाही.

अर्धवट ऐकलं तर पैसे मिळतात का?

स्पॉटिफायवर तीस सेकंद झाले की एक स्ट्रीम धरला जातो. पुढे दोन मिनिटं ऐकलं की वीस, हिशेब तोच. वीस मिनिटांचा विलंबित ख्याल आणि सव्वा मिनिटाचा तुकडा, दोन्हींना एकच माप. गाण्यांची लांबी का घटते आहे, आलाप आणि प्रस्तावना का आखडल्या जात आहेत, याची बरीचशी कारणं या तीस सेकंदांत आहेत.

हजार स्ट्रीमची अट म्हणजे काय?

२०२४ च्या सुरुवातीपासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम मिळालेले नाहीत त्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. तो पैसा कंपनी ठेवत नाही, अट पूर्ण केलेल्या गाण्यांत वाटला जातो. कंपनीचं म्हणणं असं, की इतक्या क्षुल्लक रकमा कलाकारापर्यंत पोचतच नाहीत, मधल्या वितरकाकडेच (कलाकाराची गाणी सेवांवर चढवून देणाऱ्या कंपनीकडे) पडून राहतात, आणि खोटे स्ट्रीम करणाऱ्यांना आळा बसतो.

रक्कम क्षुल्लक असते हे खरं आहे. तरीही मला हा निर्णय चुकीचा वाटतो. काम झालं, ते ऐकलं गेलं, ऐकणाऱ्याने पैसे भरले. पोचवण्याचा खर्च जास्त आहे म्हणून ज्याचं त्याला न देता शेजारच्याला देऊन टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ती रक्कम खात्यावर साठवत ठेवता आली असती. आणि ही अट किती गाण्यांना लागू होते ते बघा. संगीत क्षेत्राची आकडेवारी ठेवणाऱ्या ल्युमिनेटने २०२३ मध्ये सेवांवरची १८.४ कोटी गाणी मोजली, त्यांतल्या ८६ टक्क्यांहून अधिक गाण्यांना वर्षभरात हजार किंवा त्याहून कमी स्ट्रीम मिळाले होते.

डीझर या स्ट्रीमिंग सेवेने युनिव्हर्सल या लेबलबरोबर सप्टेंबर २०२३ मध्ये वेगळी पद्धत जाहीर केली. महिन्याला हजार स्ट्रीम आणि किमान ५०० वेगवेगळे श्रोते असणाऱ्या कलाकारांना दुप्पट वजन, आणि श्रोत्याने मुद्दाम शोधून लावलेल्या गाण्याला आणखी दुप्पट. मुद्दाम शोधून ऐकण्याला किंमत देणं मला आवडलं. पहिल्या अटीत पुन्हा लहान कलाकार बाहेर राहतो.

स्ट्रीमिंगच्या आधी सगळं छान होतं का?

नव्हतं. १९९९ मध्ये लोकांना आपापसांत फुकट गाणी उतरवून घेता येणारं नॅपस्टर आलं, ते २००१ मध्ये कोर्टाने बंद पाडलं, पण फुकट डाउनलोडची सवय राहिली आणि उद्योगाचं उत्पन्न पंधरा वर्षं घसरत गेलं. ऑक्टोबर २००८ मध्ये स्पॉटिफाय सुरू झालं तेव्हा 'काहीच नाही त्यापेक्षा काहीतरी' हा युक्तिवाद बिनतोड वाटत होता. आज तो चालू नये. जागतिक संघटना आयएफपीआयच्या अहवालानुसार २०२४ मध्ये ध्वनिमुद्रित संगीताचं जगभरातलं उत्पन्न २९.६ अब्ज डॉलर होतं आणि त्यातलं ६९ टक्के स्ट्रीमिंगचं.

म्हणजे कुणीतरी मधल्या मध्ये गब्बर होतंय?

इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं. स्पॉटिफायला पूर्ण वर्षाचा पहिला नफा २०२४ मध्ये झाला. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या बाजाराचा तपास पूर्ण केला, तेव्हा त्यांना सेवांचा किंवा लेबलांचा अवाजवी नफा आढळला नाही.

पण सौदा कुणाच्या जोरावर होतो हे बघायला हवं. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तिघांच्या गाण्यांशिवाय कोणतीही सेवा दुकान उघडू शकत नाही, म्हणून त्यांना हव्या त्या अटी मिळतात. सोनी आणि स्पॉटिफाय यांच्यातला २०११ चा करार २०१५ मध्ये उघड झाला. त्यात तीन वर्षांत ४.२५ कोटी डॉलरपर्यंतची आगाऊ रक्कम होती. अशा रकमेतलं कलाकारांना किती आणि कोणत्या हिशेबाने द्यायचं, हे बाहेर कुणाला दिसत नव्हतं. लेबलांकडे स्पॉटिफायचे शेअरही होते. २०१८ मध्ये कंपनी शेअर बाजारात आल्यावर वॉर्नरने आपले सगळे शेअर ५०.४ कोटी डॉलरला विकले आणि त्यातले १२.६ कोटी कलाकारांना दिले. सोनीने उचल न फिटलेल्यांनाही वाटा दिला. दिला हे चांगलंच झालं, पण ती त्यांची मर्जी होती. मला खुपतं ते हेच.

स्ट्रीमिंगवर घर चालवता येईल का?

काहींना येतं. ब्रिटनच्या त्याच तपासात म्हटलं आहे, की २०२१ मध्ये देशात १ कोटी २० लाख स्ट्रीम मिळवणाऱ्या कलाकाराला वर्षाचे सुमारे १२,००० पौंड मिळू शकत होते. म्हणजे दरमहा दहा लाख वेळा ऐकलं जाऊन. आणि एकूण स्ट्रीमपैकी ६० टक्क्यांहून अधिक वरच्या ०.४ टक्के कलाकारांचे होते. नवशिक्यांनी विचारलं तर मी हेच दोन आकडे सांगते आणि शिकवण्या, कार्यक्रम, ध्वनिमुद्रणाची कामं सोडू नकोस म्हणते. मन मोडायला नव्हे. वर्षभर पत्रकाची वाट बघून खचलेली माणसं मी पाहिली आहेत.

मोठे कलाकार काही का करत नाहीत?

करतात तेव्हा फरक पडतो. टेलर स्विफ्टने नोव्हेंबर २०१४ मध्ये आपली गाणी स्पॉटिफायवरून काढली. जून २०१५ मध्ये ॲपल म्युझिक सुरू होताना पहिल्या तीन फुकट महिन्यांचे पैसे कलाकारांना देणार नव्हतं. तिने जाहीर पत्र लिहिलं आणि ॲपलने तो निर्णय लगेच फिरवला. स्पॉटिफायवर ती २०१७ मध्ये परतली. सगळ्यांना मात्र असं उठून जाणं परवडत नाही. लहान कलाकार गेला तर कुणाला पत्ताही लागत नाही, म्हणून संघटना लागते.

'डिस्कव्हरी मोड' घ्यावा का?

ही स्पॉटिफायची योजना नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाली. तुम्ही गाणं निवडून द्यायचं, रेडिओ आणि आपोआप वाजणाऱ्या यादीत ते पुढे केलं जातं, आणि तिथे मिळालेल्या स्ट्रीमच्या रॉयल्टीतून ३० टक्के कापले जातात. आगाऊ पैसे लागत नाहीत म्हणून अनेकांना बरं वाटतं, आणि एखाद्याला नवे श्रोते मिळतातही.

माझं मत विरोधात आहे. रेडिओवर गाणं लावण्यासाठी गुपचूप पैसे घेणं अमेरिकेने १९६० मध्ये कायद्याने गुन्हा ठरवलं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं निवड गुणांवर झाली. इथेही ऐकणाऱ्याला कळत नाही. शिवाय सगळ्यांनीच घेतला तर पुढे कुणीच जात नाही, फक्त सगळ्यांचा दर उतरतो.

पैसे देऊन स्ट्रीम किंवा प्लेलिस्टमधली जागा विकत घेऊ का?

नको. पकडलं गेलं तर गाणं काढतात, रॉयल्टी रोखतात, आणि दंड वितरकामार्फत तुमच्यावर येतो. "हमखास दहा हजार श्रोते" असं सांगणाऱ्याकडे माणसं नसतात, यंत्रं असतात.

खोट्या स्ट्रीमचा आणि एआय गाण्यांचा माझ्याशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. गंगाजळी एकच असल्यामुळे खोट्याने उचललेला प्रत्येक पैसा खऱ्याच्या वाट्यातून जातो. फ्रान्समधल्या नंतरच्या एका अभ्यासात २०२१ च्या स्ट्रीमपैकी १ ते ३ टक्के खोटे आढळले, आणि ते फक्त पकडता आलेले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एका माणसावर आरोपपत्र दाखल झालं. एआयने बनवलेली लाखो गाणी चढवून, यंत्रांकडून वाजवून त्याने १ कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी उकळल्याचा तो आरोप होता. डीझरने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज पूर्णपणे एआयने बनलेली २०,००० हून अधिक गाणी येतात, नव्याने येणाऱ्यांपैकी १८ टक्के.

कायदा काही करतो आहे का?

हळूहळू. ब्रिटनच्या संसदीय समितीने जुलै २०२१ च्या अहवालात संपूर्ण फेरमांडणीची मागणी केली. रेडिओवर गाणं वाजलं की कलाकाराला समन्यायी मोबदला मिळतो, तसाच स्ट्रीमिंगवरही मिळावा अशी शिफारस होती. सरकारने तो कायदा केला नाही. उरुग्वेने ऑक्टोबर २०२३ मध्ये कलाकारांच्या बाजूने कायदा बदलला, स्पॉटिफायने देश सोडण्याचा इशारा दिला, सरकारने जादा बोजा सेवेवर पडणार नाही असं स्पष्ट केलं आणि कंपनी थांबली. छोट्या देशाने एकट्याने पाऊल टाकलं की काय होतं ते त्यातून दिसलं. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये कलाकारांना स्ट्रीममागे किमान एक सेंट थेट पोचावा यासाठी विधेयक मांडलं गेलं, ते कायदा झालेलं नाही. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा करारातही सोडून देता येणार नाही असा केला. करारावर सही करण्याची सक्ती झाली तरी हक्क उरतो, ही त्यातली मोलाची गोष्ट.

माझं गाणं मी स्वतः चढवलं आहे. काय सांभाळू?

नावं. हसू नका, सर्वांत जास्त पैसा इथे अडकतो.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो, शब्द-चालीला आयएसडब्ल्यूसी. हे दोन एकमेकांशी जुळले नाहीत की गीतकाराचा पैसा कुणाचा ते कळत नाही आणि तो पडून राहतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सेवांनी मालक न सापडलेली जुनी रॉयल्टी एमएलसीकडे सोपवली, ती ४२.४ कोटी डॉलर भरली. एकाच देशात, एकाच प्रकारच्या हक्काची.

माझ्याच हातून झालेली चूक सांगते. एका मैत्रिणीच्या चार रचना चढवताना मी दोन ठिकाणी तिचं आडनाव एका स्पेलिंगने लिहिलं, दोन ठिकाणी दुसऱ्या. यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका झाल्या. एकीच्या नावे पैसे आले, दुसरीचे पावणेदोन वर्षं अडकून होते. कुणी चोरले नव्हते, फक्त विचारायला कुणी आलं नव्हतं.

म्हणून रोमन लिपीतलं एकच स्पेलिंग ठरवा आणि मरेपर्यंत बदलू नका. शब्द-चाल तुमची असेल तर हक्कसंस्थेचं सभासदत्व घेऊन प्रत्येक गाण्याची नोंद करा. वितरक फक्त ध्वनिमुद्रणाचे पैसे आणतो, दुसरी वाट तुम्हालाच उघडावी लागते. वितरक निवडताना वार्षिक शुल्क की टक्केवारी, आणि शुल्क भरणं थांबवलं तर गाणी उतरवली जातील का, हे आधी विचारा. सहकाऱ्यांचे वाटे ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच कागदावर लिहा, सही-तारखेसह. गाणं चाललं की आठवणी बदलतात.

मी फक्त ऐकणारी आहे. माझ्या हातात काय?

पुष्कळ. शक्य असेल तर फुकट खात्याऐवजी वर्गणी भरा. आवडत्या कलाकाराचा अल्बम थेट विकत घ्या. बँडकॅम्प या संगीत थेट विकत घेण्याच्या मंचावर डिजिटल विक्रीतले १५ टक्के मंच घेतो आणि पेमेंटचं शुल्क जाऊन उरलेलं कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातं. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी मंच आपला वाटाही सोडतो. एक अल्बम विकत घेणं हे हजारो स्ट्रीमच्या बरोबरीचं ठरू शकतं. कार्यक्रमाला तिकीट काढून जा. आवाज बंद करून रात्रभर गाणं लावून ठेवू नका, त्याने कलाकाराच्याच खात्यावर संशय येतो.

पत्रकात काही चुकलंय असं वाटलं तर?

आधी वितरकाला किंवा लेबलला लेखी विचारा, ओळ क्रमांक आणि महिना देऊन. "पैसे कमी आले" याला उत्तर येत नाही, "अमुक महिन्यातल्या अमुक गाण्याच्या या दोन ओळी जुळत नाहीत" याला येतं. लेबलशी करार असेल तर त्यात हिशेब तपासण्याचं कलम शोधा. ते बहुतेकदा असतं आणि त्याला मुदत असते, ती उलटली की जुनं पत्रक मान्य केलं असं धरतात. मूळ फाइल जशी आली तशी जपून ठेवा, त्यावर बेरीज-वजाबाकी करू नका, त्यासाठी वेगळी प्रत काढा. व्हायोलिनवादक मित्राने असंच केलं. त्र्याहत्तर ओळींपैकी सहा ओळींत त्याच्या रचनेसमोर दुसऱ्याच कुणाचा आयएसआरसी होता. पत्र पाठवल्यावर पाचव्या महिन्यात दुरुस्ती आली, आणि त्याने मला त्या सहा ओळींचा फोटो पाठवला.